पेर्निलाला सांगितलेली गोष्ट

२९ ऑगस्ट

सीव,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ लिहायला एवढं मोठं बोटींचं चित्र असलेलं कार्ड कशाला घेतलंस? "पेर्निलाला खरं काय ते सांग. तोवर मला फोन करू नकोस." बरं बाई, फोन करत नाही. पत्र लिहू नकोस असं काही तू म्हटलेलं नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी एक सांगून टाकते. माझ्याकडे मनाच्या उपचाराला कोण येतं, काय बोलतं, हे मी कुणाला सांगत नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. बावीस वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. पण पेर्निलाने तुला आपणहून सांगितलं, तेही तुमच्या ऑफिसात, कॉफीच्या सुट्टीत, सगळ्या बायकांसमोर. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "उल्ला, आज मी सीवला कडकडून मिठी मारली! तिला बिचारीला काही कळेचना!" इतकी खुशीत होती ती!

मला काय ठाऊक, ती तुझ्याबरोबर काम करते म्हणून? "म्हाताऱ्यांच्या घरी जाते, जेवण देते, औषधं देते" एवढंच ती बोलली होती. या बेटावर तशा चाळीस बायका आहेत. तिची वरिष्ठ नेमकी तू असावीस, हे माझं नशीब.

तुला वाटत असेल, उल्ला एक नंबरची थापाडी आहे, लोकांचा विश्वास लुबाडते. तसं नाही गं. माझ्या खोलीत काय चालतं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते. जुन्या बँकेच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. माणूस येतो, दारात बूट काढतो. तिथे मी विणलेल्या लोकरी मोज्यांची टोपली ठेवली आहे, कारण थंड पावलांनी कुणी खरं बोलत नाही. दोन खुर्च्या आहेत, समोरासमोर नाहीत, शेजारी-शेजारी, खिडकीकडे तोंड करून. कुठल्या खुर्चीत बसायचं ते त्याने ठरवायचं. दार मी किंचित उघडं ठेवते आणि पहिल्यांदाच सांगते, "केव्हाही उठून गेलात तरी चालेल, कारण द्यायची गरज नाही." पहिल्या तासाला मी काही विचारत नाही. कुणी कुणी नुसते समोरच्या धक्क्यावरच्या बोटी मोजतात आणि घरी जातात.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी माझी स्वतःची एक लाज त्यांना सांगते. आपण एकटेच उघडे पडलेलो नाही हे कळलं की माणूस स्वतःला सैल सोडतो. माझी पद्धत म्हणजे एवढीच आहे. पुस्तकी लोक याला नाकं मुरडतात. मुरडू देत. माणसं बरी होऊन जातात.

आणि ती लाज म्हणजे मनोऱ्याची गोष्ट. सांगताना थोडी बदलून सांगते, हे मला मान्य आहे.

उल्ला

६ सप्टेंबर

सीव,

उत्तर नाही. मी रोज पेटी बघते आणि बिलं घेऊन वर येते.

"थोडी बदलून" हे लिहिलेलं मलाच बोचलं. म्हणून नीट लिहिते, म्हणजे पेर्निलाने तुला नेमकी कसली मिठी मारली ते तुला कळेल.

मी सांगते ते असं. एकोणीसशे एकाहत्तरचा जुलै. पोहण्याच्या शाळेचा शेवटचा दिवस. सगळं गाव धक्क्यावर, थर्मास आणि दालचिनीचे बन घेऊन. ज्याला बिल्ला हवा त्याने पाच मीटर उंच मनोऱ्यावरून पाण्यात उडी मारायची. मी वर गेले आणि थिजले. पाय उचलेना. खाली लोक एक-दोन-तीन करत होते. मग माझी बहीण शिडी चढून वर आली, माझ्या शेजारी फळीवर बसली, माझा हात धरला, आणि एक शब्द बोलली नाही. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो. मग ती म्हणाली, "खाली जायचं तर शिडीनेही जाता येतं." आणि आम्ही शिडीने उतरलो. त्या दिवशी मला कळलं, सुरक्षित वाटणं म्हणजे काय.

ही गोष्ट मी शंभरावर माणसांना सांगितली असेल. ती सांगताना माझा आवाजसुद्धा बदलतो, सीव. एका गलबताच्या कप्तानाला मी रडताना पाहिलंय.

पेर्निलाचं म्हणशील तर, ती तुला कारण सांगत नव्हती, पण तू तिच्या कामाच्या पाळ्या बदलत होतीस ते पुलामुळेच. पुलापाशी आली की तिचे हात बधिर व्हायचे, गाडी कडेला घ्यायची आणि बसून राहायचं. पलीकडच्या म्हाताऱ्यांचं जेवण गार व्हायचं. मी तिला मनोऱ्याची गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात मी तिच्या गाडीत शेजारी बसले, पुलाच्या अलीकडे. म्हटलं, "आज ओलांडायचाच असं नाही. परत फिरायची पूर्ण मुभा आहे." चार वेळा आम्ही परत फिरलो. पाचव्या वेळी ती म्हणाली, "तुमची बहीण आत्ता माझ्या मागच्या सीटवर बसलीय असं समजते," आणि गेली की सरळ पलीकडे!

आता तूच सांग. तिला जाऊन म्हणू, की तशी बहीण नव्हतीच? ती उद्या पुन्हा पुलाशी अडकली तर? नोकरी जाईल तिची, आणि ती काढायची वेळ तुझ्यावरच येईल. याचा विचार केलायस?

उल्ला

१५ सप्टेंबर

सीव,

मागचं पत्र निर्लज्जपणाचं होतं. टाकल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुला मी तुझ्याच नोकरीची भीती घालत होते.

आता घडलं तसं लिहिते. आपण दोघींनी हे बावन्न वर्षांत एकदाही तोंडाबाहेर काढलेलं नाही.

मनोऱ्यावर मी थिजले नव्हते. माझी उडी आधीच झाली होती, बिल्ला पोहण्याच्या पोशाखावर टाचून मी मिरवत होते. वर तू होतीस. नऊ वर्षांची, निळ्या टोपीतली. आदल्या वर्षी गुड्रून शिडीने उतरली होती आणि सबंध हिवाळा तिला शाळेत "शिडी-गुड्रून" म्हणत होते, आठवतं? म्हणणाऱ्यांत मीही होते. सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

तू उडी मारेनास. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "अगं उल्ला, तुझी बहीण वर घर बांधतेय का?" सगळे हसले. माझी कानशिलं तापली. बाबा कॉफीच्या कपात बघत राहिले. मी शिडी चढले. बघणाऱ्यांना वाटलं, मोठी बहीण धीर द्यायला चाललीय. तू कडेला उभी होतीस, पाठ माझ्याकडे, पायांची बोटं फळीत रुतवून. मी दोन्ही हात तुझ्या पाठीवर ठेवले आणि ढकललं.

तू वाकडी पडलीस. पाण्याचा आवाज मोठा झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तुला बिल्ला दिला. आईने घरी स्ट्रॉबेरीचा केक केला. तुझ्या कानातून पाणी येत होतं, मग पू आला, मग ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाले की डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही. घरात सगळे म्हणत राहिले, थंड पाण्यामुळे झालं. मी पण म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलली नाहीस.

मी तुला ढकललं ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत आले. म्हणजे तुला शाळेत कुणी चिडवू नये म्हणून. अडकलेल्या माणसाला कधी कधी धक्का द्यावा लागतो, वगैरे. नंतर इतकी वर्षं शिकून मला हे पक्कं कळलं की धक्का कधीच द्यायचा नसतो. शेजारी बसावं लागतं. म्हणजे जे मी केलं नाही ते मी शिकले, आणि मग ते तुझ्या नावावर टाकून लोकांना वाटत सुटले. स्वतःला बिचारी केलं आणि तुला चांगली केलं. तुला चांगली करणं म्हणजे जणू भरपाई!

मला लाज वाटते, सीव. लोकांना रोज सांगते, लाज बोलून दाखवली की हलकी होते. माझी काही होत नाहीये.

आणखी एक लिहायचं राहिलं. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये मी तुझ्या डाव्या बाजूला बसले होते. भजन चालू असताना मी तुझ्याकडे न बघता "माफ कर" म्हटलं. तुला ऐकू गेलं नाही. जाणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तर त्या बाजूला बसले होते.

उल्ला

२४ सप्टेंबर

सीव,

आज पेर्निला आली होती. सांगायचं ठरवून बसले होते. तिने मोजे घातले, खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "काल पुलावर मध्येच गाडी हळू केली आणि खाली समुद्र बघितला! एक सील पोहताना दिसला, खरंच!" मग आम्ही तासभर सीलबद्दल बोललो. जाताना म्हणाली, "सीव हल्ली गप्प गप्प असते. मी काही चुकीचं बोलले का हो तिला?"

मी म्हटलं, "नाही नाही, तिचा स्वभावच तसा."

तिचा स्वभावच तसा! हे तोंडातून गेलं कसं माझ्या? दार लावून मी तिच्याच खुर्चीत मटकन बसले.

उल्ला

५ ऑक्टोबर

सीव,

सांगितलं. आज सकाळी अकराला.

तिला म्हटलं, "पेर्निला, आज बोलायची पाळी माझी आहे, आणि तुम्हाला राग येणार आहे. उठून गेलात तरी चालेल."

ती म्हणाली, "अय्या, तुम्ही बंद करताय की काय?"

मी खिडकीकडे बघत बोलले. मग वाटलं, हे काही बरं नाही, आणि खुर्ची वळवून तिच्या समोर बसले. बावीस वर्षांत त्या खोलीत मी कुणाच्या समोर बसले नव्हते. मनोऱ्यावर कोण होतं, वर कोण गेलं, कुणी ढकललं, तुझा कान, थंड पाण्याची थाप, सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. "म्हणून सीव मीटिंगमध्ये नेहमी भिंतीला डावी बाजू करून बसते."

मग ती भडकली. तू तिला ओळखतेस, ती आवाज चढवत नाही, तिचे फक्त गाल लाल होतात.

"म्हणजे मी उन्हाळाभर एका न घडलेल्या गोष्टीच्या जिवावर पूल ओलांडतेय?"

"हो."

"मी त्या बाईला मिठी मारली! तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, 'असं सांगितलं का उल्लाने?' आणि कॉफी ओतायला गेली. ओतताना सांडली तिने. मला वाटलं, तिला भरून आलंय."

ती थांबली नाही.

"आणि तुम्ही मला मोजे घालायला देता! विश्वास ठेवा म्हणता!" तिने मोजे काढले, नीट घडी केली, टोपलीत टाकले. बूट घालताना लेस तुटली तेव्हा एक शिवी हासडली. दारात उभी राहून म्हणाली, "पूल मी खराच ओलांडलाय. ते काही तुमचं नाही. ते मी तुम्हाला परत देणार नाही."

मी म्हटलं, "देऊ नका."

मग तिने एकच विचारलं. "तुम्ही ढकललं नसतं तर ती उतरली असती आपणहून?"

मी म्हटलं, "नाही. ती थिजली होती."

ती गेली. पुन्हा येईल असं वाटत नाही. मी त्या मंडळाला लिहिणार आहे ज्यांनी मला हे काम करायचा परवाना दिला. ते काय करायचं ते करोत. आता जी नवी माणसं येतील त्यांना ही गोष्ट मी सांगणार नाही, आणि जुन्यांपैकी जे सापडतील त्यांना एकेकाला पत्र लिहीन.

तू सांगितलंस ते झालं, सीव. आता फोन केला तर चालेल का?

उल्ला

६ ऑक्टोबर

सीव,

कालचं पत्र मी टपालपेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. हात आत घालून ते परत काढता येतं का, हे चौसष्ट वर्षांची बाई बघत होती. येणारेजाणारे "काय उल्ला, काही पडलं का?" विचारत होते.

कारण त्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलंय. पेर्निलाशी खोटं बोलले ते बोललेच, तेही खरं सांगायला बसले होते त्याच तासाला. आणि पंधरा सप्टेंबरच्या पत्रात तुझ्याशीही. तू ते वाचलं असशील आणि तेव्हाच तुला कळलं असेल. म्हणूनच बहुतेक तू उत्तर दिलं नाहीस. मी मात्र रोज पेटी उघडून तुलाच दगडाच्या काळजाची म्हणत होते.

काल सबंध दुपार मी स्वतःशी वाद घातला. बावन्न वर्षं झाली, मुलांना नीट आठवत नाही, आठवणी बदलतात, हे मी लोकांना शिकवते. सगळे युक्तिवाद करून झाले. आठवण काही बदलली नाही.

तू थिजली नव्हतीस.

तू कडेला गेलीस, खाली बघितलंस, आणि तुझं ठरलं. तुला उडी मारायची नव्हती. एवढं साधं होतं ते. मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर आले तेव्हा तू वळलेली होतीस, शांत, जराही न रडता. माझ्याकडे बघून हसलीससुद्धा, कारण तुला वाटलं मी तुला न्यायला आलेय. तू म्हणालीस, "मला नाही मारायची. मला खाली जायचंय. बाजूला हो ना, उल्ला."

नऊ वर्षांची तू, सगळं गाव बघत असताना, शिडीने उतरायला निघाली होतीस. माझ्यात ते धैर्य नव्हतं, आजही नाही. खाली ते हसत होते आणि मला शिडी-सीवची बहीण व्हायचं नव्हतं. बाकी काही कारण नव्हतं. शिडी मी अडवून उभी होते.

माझे हात तुझ्या पाठीवर नव्हते, सीव. छातीवर होते. तू माझ्या तोंडाकडे बघत पडलीस.

हे आज सकाळी मी पेर्निलाला तिच्या दारात उभं राहून सांगून आले. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. तुझ्याकडे यायला मी निघाले होते, पण तुझं फाटक दिसलं तिथून वळले. तू ये म्हणाल्याशिवाय मी येणार नाही. फोनही करणार नाही. आणि तू कधीच काही म्हणाली नाहीस, तर "तिचा स्वभावच तसा" असं मी कुणालाही सांगणार नाही, खरं कारणच सांगेन.

मला माफ कर. या वेळी लिहून देतेय.

उल्ला